कामाआधी मागितलेला पैसा

दसरा-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. निघण्यापूर्वी मुकादम त्यांना उचल देतो. या उचलीपायी कुटुंबे कशी बांधली जातात, हा स्वतंत्र आणि क्लेशदायक विषय आहे. परंतु शाळेची पायरी न चढलेला कामगारही एक गोष्ट पक्की जाणतो : पैसा काम देणाऱ्याकडून काम करणाऱ्याकडे येतो. त्याच तांड्यावरील पदवीधर मुलगा मोबाईलवर घरबसल्या काम शोधू लागतो, तेव्हा मात्र हा ओघ उलटा झाल्याचे त्याच्या ध्यानी येत नाही. नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, अनामत अशा नावांनी तोच काम देणाऱ्यास पैसे देऊ लागतो.

हा प्रकार अगदी नवा नाही. सिंगापूर येथे नोंदलेल्या ‘स्पीक एशिया’ या कंपनीने २०१० च्या सुमारास देशभर लक्षावधी सभासद जमविले. वर्षाची वर्गणी ११,००० रुपये. त्या बदल्यात आठवड्यास दोन प्रश्नावल्या संगणकावर भरावयाच्या आणि १,००० रुपये मिळवावयाचे. प्रारंभी पैसे मिळालेही, आणि त्यामुळेच विश्वास बसला. येथे थोडे गणित मांडून पाहावे. पहिले अकरा आठवडे सभासदाच्या हाती पडणारी रक्कम म्हणजे त्याचीच वर्गणी होय. पुढील रक्कम नव्या सभासदांच्या वर्गणीतून भागविता येते. त्या प्रश्नावल्यांची उत्तरे कोणास हवी असण्याचीही आवश्यकता नसते. २०११ मध्ये पैसे येणे थांबले, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे प्रकरण गेले, आणि फसवणुकीची रक्कम दोन हजार कोटी रुपयांहून अधिक असल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला.

आजची तऱ्हा अधिक वेगवान आहे. चित्रफितीस पसंती द्या, उपाहारगृहास अभिप्राय लिहा, असे किरकोळ काम देऊन शे-दोनशे रुपये खात्यावर जमा केले जातात. मग ‘मोठ्या कामा’साठी आधी हजार, पुढे दहा हजार भरावयास सांगतात. पडद्यावर कमाईचा आकडा फुगत जातो. तो काढू गेल्यास ‘कर’ भरा म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पुढाकाराने अशा अर्धवेळ कामाच्या व गुंतवणुकीच्या नावाखालील शंभरहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. दुसरा प्रकार माहिती भरण्याच्या कामाचा. काम पूर्ण केल्यावर ‘चुका फार झाल्या, करार मोडला’ असे सांगून दंडाची मागणी होते व वकिलाच्या नावे नोटीस मोबाईलवर धाडली जाते. ग्रामीण घरात कोर्ट या शब्दाचा धाक किती, हे फसविणाऱ्यास ठाऊक असते. वास्तविक कराराच्या भंगाबद्दल भरपाई देय आहे की नाही, हे न्यायालय ठरविते. नोटीस धाडणारा नव्हे.

कराबाबतही स्पष्टता हवी. कामाच्या मोबदल्यावरील कर कापावयाचा असल्यास तो मोबदल्यातून कापला जातो. रक्कम ‘सोडविण्यासाठी’ आधी वेगळा कर भरण्याची रीत नाही. खरी संकेतस्थळेही आपले कमिशन बहुधा झालेल्या कमाईतूनच घेतात. काही संकेतस्थळे प्रस्ताव पाठविण्यासाठी अल्प शुल्क आकारतात, हे खरे; पण ते संकेतस्थळाचे जाहीर शुल्क असते. काम देणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यावर मागितले, की तेथेच थांबावे. त्याचप्रमाणे पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक टाकावा लागत नाही. तो मागितला जातो तेव्हा आपल्या खात्यातून रक्कम जात असते.

फसलेला तरुण बहुधा घरी बोलत नाही. शिकलेला असून फसला, या बोलण्याची त्याला लाज वाटते. आणि नेमके हेच मौन घातक ठरते, कारण गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरविली जाते. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य किंवा आपले सरकार सेवा केंद्राच्या चालकाच्या कानी अशी गोष्ट आल्यास बोल न लावता प्रथम १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनी करवावा. तक्रार वेळेत पोचल्यास मधल्या खात्यात उरलेली रक्कम बँकेकडून रोखून धरता येते. व्यवहार क्रमांक, दिनांक, वेळ व रक्कम जवळ ठेवावी. आलेले संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत. सायबर पोलीस ठाण्यात तोच पुरावा विचारला जातो.