पिवळा दिवा आणि काजळीचा घसा

बिलोलीहून बोधनकडे निघालेल्या डिझेल गाडीत मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की चालकाचा जीव अर्धा होतो. फिटर स्कॅनर जोडतो आणि पडद्यावर ‘पी ०४०१’ उमटतं. याचा अर्थ एवढाच, की ईजीआरमधून धूर पुरेसा फिरत नाही.

ईजीआर म्हणजे इंजिनाने सोडलेला थोडा धूर परत त्याच्याच पोटात ढकलणारी वाट. प्राणवायू कमी मिळाल्याने ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं कमी बनतात. पण त्याच धुरातली काजळी या वाटेवरच्या व्हॉल्वमध्ये साचते. गावातल्या गावात, इंजिन नीट तापण्याआधीच बंद करणाऱ्यांच्या गाडीत जास्तच.

कोड आला म्हणून लगेच नवा व्हॉल्व घेणं म्हणजे खिशाला कात्री. आधी व्हॅक्यूमचा पाइप तडकलाय का, प्लग सैल आहे का ते पाहावं; मग स्कॅनरवरून हुकूम देऊन व्हॉल्व हलतो का ते बघावं. बाहेर काढल्यावर आत डांबरासारखा थर दिसला, तर बरेचदा साफसफाईवरच भागतं. व्हॉल्व उघडाच अडकला असेल, तर उलट तऱ्हा: गाडी थांबल्या जागी थरथरते, काळा धूर ओकते, पिकअप जातो.

काही जण ईजीआरची ही वाट पत्र्याने बंदच करून टाकतात. विषारी धूर चाचणीत लपवण्यासाठी फोक्सवॅगन कंपनीने तर सॉफ्टवेअरची चलाखी केली होती. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

पिवळा दिवा लुकलुकत असेल, तर मात्र बहुधा इंजिन मिसफायर होतंय. गाडी बाजूला घ्यावी.