तपासण्याआधीच ठरलेले निदान

रोगाचे निदान तीन गोष्टींवर होते. रुग्णाने सांगितलेली हकीकत, डॉक्टरांनी केलेली तपासणी आणि गरज पडल्यास रक्त-लघवी, एक्स-रे. यात पहिला मान हकिकतीचा. पण ती ऐकण्याआधीच रुग्णाचे कपडे, बोली किंवा आडनाव यांवरून मत तयार झाले, तर पुढचे सगळेच चुकते. यालाच पूर्वग्रह म्हणतात. तो बाळगणारा माणूस वाईटच असतो असे नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो.

‘तांड्यावरच्या बाया चिवट, त्यांना कळा सोसतात.’ ‘हिचे रोजचेच रडगाणे आहे.’ ‘दारू प्यायला असेल, पडू द्या.’ अशी वाक्ये दवाखान्यांतून ऐकू येतात आणि त्यांची किंमत रुग्ण मोजतो. बाईला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा छातीत कळ येण्याऐवजी कधी नुसताच दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, जबडा वा पाठ दुखते. ‘गॅस झाला’ म्हणून तिला परत पाठवले तर मोलाचा वेळ जातो. रक्तातील साखर एकदम उतरली किंवा डोक्याला मार लागला, तरी माणूस झिंगल्यासारखा बोलतो. सावळ्या कातडीवर कावीळ आणि रक्तक्षय चटकन दिसत नाहीत. डोळे, जीभ, तळहात मुद्दाम पाहावे लागतात.

हा केवळ आपलाच दोष नव्हे

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काळ्या लोकांची कातडी जाड असते, अशांसारख्या खोट्या समजुतींपैकी एक तरी समजूत जवळपास निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना व निवासी डॉक्टरांना खरी वाटत होती. अशांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी धरली आणि उपचारही कमी योग्य सुचवले.

आपल्या मराठवाड्यातले उदाहरण बीडचे. २०१९ साली तेथील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यात १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. यामागे गरिबी, कामाचा खाडा आणि पैशाचा लोभ ही कारणे होतीच. पण ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हा विचारही होता. शिकल्या-सवरलेल्या घरच्या बाईला इतक्या सहज तो सल्ला मिळतो का?

सक्ती कशासाठी?

‘माणुसकी काय शिकवून येते?’ असे काही व्यवसायबंधू विचारतात. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुणेही शिकवावेच लागते. ते कोणाच्या चांगुलपणावर सोडत नाहीत. बलात्कारपीडितेची ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय असूनही वर्षानुवर्षे चालू राहिली. अखेर ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंद करण्यास बजावले. शिवाय आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेण्यास आणि अभ्यासक्रम तपासण्यासही सांगितले. कॅलिफोर्नियात २०२० पासून प्रसूती विभागातील कर्मचाऱ्यांना असे प्रशिक्षण सक्तीचे आहे. मिशिगन राज्यात २०२२ पासून वैद्यकीय परवान्यासाठीच ते लागते.

आपल्याकडे २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता व संवाद हा भाग आला. २०२४ साली सुरू झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मुलेही तो शिकतील. पण त्याआधी पदवी घेतलेल्यांचे काय? महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० गुण मिळवावे लागतात. त्यातले काही गुण या विषयासाठी राखून ठेवावेत. परिचारिका, एएनएम आणि वॉर्डबॉय यांनाही हे शिक्षण मिळावे, कारण रुग्णाशी पहिला शब्द बहुधा तेच बोलतात.

मात्र चहा-बिस्किटे आणि प्रमाणपत्र एवढ्यावर भागणार नाही. रुग्णालयाने स्वतःचे केसपेपर काढून पाहावेत: कोणाला पुढे पाठवायला उशीर झाला, कोणाची तक्रार हसण्यावारी गेली? कळमनुरी-औंढ्याच्या आंध आदिवासी आणि तांड्यावरच्या बंजारा भगिनींना बोलावून त्यांचे ऐकावे. रिक्त पदेही भरावीत, कारण गर्दीत वेळ नसला की मन जवळची वाट धरते.

आपण काय करावे?

दुखणे कधी सुरू झाले, कशाने वाढते, हे नेमके सांगा. बाईमाणसासोबत कोणीतरी जा, पण तिचे तिला बोलू द्या. गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला तर सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. एचआयव्हीबाधितांशी उपचारात भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. सरकारी रुग्णालयात अपमान झाला, तर तारीख-वार टिपून जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या.

आणि ज्या डॉक्टरांनी, सिस्टरने नीट ऐकून घेतले, त्यांनाही तसे सांगा. चांगल्या वागणुकीची कदर झाली, तर ती वाढते.