भाडेहक्काचा वारसा (महाराष्ट्र)

भाडेहक्काचा वारसा म्हणजे भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याकडील भाड्याच्या जागेचा हक्क कुटुंबीयांकडे किंवा वारसांकडे जाणे होय. महाराष्ट्रात याविषयीची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ७(१५) मधील ‘भाडेकरू’ या संज्ञेच्या व्याख्येतच आहे. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या या अधिनियमाने १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली. मुंबईतील चाळी व पागडीच्या इमारती यांच्या संदर्भात या तरतुदीला विशेष महत्त्व आहे.

हक्काचा क्रम

राहत्या जागेच्या बाबतीत, मृत्युसमयी भाडेकरूसोबत राहत असलेल्या कुटुंबीयाचा हक्क प्रथम येतो. असा कुटुंबीय नसेल तरच अन्य वारसांचा विचार होतो. संबंधितांत एकमत न झाल्यास निर्णय न्यायालय देते. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयात चालतात. व्यवसायाच्या जागेसाठी सहवासाऐवजी भाडेकरूसोबत जागेचा प्रत्यक्ष वापर पाहिला जातो.

हा क्रम सर्वसाधारण वारसाहक्काहून भिन्न आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार सर्व मुलेमुली समान वारस असली, तरी परगावी स्थायिक झालेला मुलगा येथे मागे पडतो आणि आईसोबत राहणारी मुलगी पुढे येते. मालमत्तेची वाटणी करण्यापेक्षा राहत्या माणसाचे छप्पर टिकवणे हा तरतुदीचा हेतू यातून स्पष्ट होतो.

‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या मात्र अधिनियमात नाही. त्यामुळे भाचा, पुतण्या यांच्यासारख्या नातेवाइकांबाबत वाद उद्भवतात व शिधापत्रिका, मतदार यादी यांसारख्या कागदपत्रांवरून सहवास सिद्ध करावा लागतो. भाडेपावतीवर नाव चढणे हा उपयुक्त पुरावा असला, तरी हक्क कायद्यातून येतो, पावतीतून नव्हे.

मृत्युपत्र

भाडेकरूला हा हक्क मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. जुन्या कायद्यातील समान तरतुदीचा अर्थ लावताना, ‘वारस’ या शब्दात मृत्युपत्राद्वारे लाभ मिळालेली व्यक्ती येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले. अन्यथा मालकावर पूर्णतः परका भाडेकरू लादला गेला असता.

पुढील पिढ्या

हे संक्रमण मूळ भाडेकरूच्या मृत्यूपुरते मर्यादित नाही. या तरतुदीने भाडेकरू झालेल्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरही तोच नियम लागू होतो. म्हणून एकच खोली तीन-चार पिढ्या एका घराण्याकडे राहिल्याचे आढळते. घरमालकांचा मुख्य आक्षेप यालाच आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही.

मुंबईतील जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूस मालकीची सदनिका मिळते. साहजिकच, अल्प भाड्याच्या खोलीवरून भावंडांत होणारे वाद प्रत्यक्षात याच सदनिकेसाठी असतात. मालकी मिळाल्यानंतर मात्र ती सदनिका सामान्य वारसा कायद्याच्या कक्षेत येते आणि मृत्युपत्राने देता येते.