पिवळी बाटली आणि आजीचा बटवा

सोलापुरात इतकी वर्षं नर्स म्हणून काम केल्यावर ठामपणे सांगते, घरात अमृतांजन हवंच. १८९३ साली काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी हा बाम मुंबईत सुरू केला. गाण्याच्या मैफलींत ते तो फुकट वाटायचे, तिथून तो घरोघरी पोचला. त्यातल्या कापूर-मेन्थॉलने कातडीला गारवा जाणवतो, ठणका कमी वाटतो. रात्रपाळीनंतर कपाळावर बोटभर चोळला की मला हमखास बरं वाटतं.

सोबत आजीचे उपाय:
🌿 घसा खवखवला: कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.
🌿 नाक चोंदलं: सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन साध्या पाण्याची वाफ. लहान मुलांना मात्र नको, भाजण्याची भीती असते.
🌿 जुलाब: १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. घोट-घोट पाजा.

दोन वर्षांखालच्या बाळाला कापूरवाला बाम लावू नका. जखमेवर, नाकपुडीतही नको. ताप उतरत नसेल, धाप लागत असेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा!