भरतीची चाळणी : आधी पाय की आधी डोके?

श्रोतेहो, चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कुठल्याही रस्त्याला पहाटे गेलात तर धावणारी पोरं दिसतात. त्यांच्या मनात एकच शब्द असतो, भरती. बुलडाणा जिल्हा महसुलाच्या हिशेबात अमरावती विभागात. सैन्यभरतीसाठी मात्र तो औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भरती कार्यालयाला जोडलेला. भरतीची रीत बदलली की निवडली जाणारी मुलेही बदलतात. ते कसे, हे आज पाहू.

पूर्वी आधी ग्राउंड, मग मेडिकल आणि शेवटी लेखी असा क्रम होता. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावले की ६० गुण, दहा बीम मारले की ४० गुण, शिवाय नऊ फुटांचा खड्डा ओलांडायचा. २०२३ पासून क्रम उलटा झाला. आता आधी संगणकावर सामाईक परीक्षा आणि त्यात निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावणे.

चाळण्या जवळपास त्याच, मग फरक काय? सर्वाधिक मुले पहिल्या चाळणीत गळतात. आधी ग्राउंड असताना दहा सेकंद मागे राहिलेला हुशार मुलगा घरी जाई. आता दमदार छातीचा, पण संगणकाला कधी हात न लावलेला मुलगा घरी जातो. गर्दी कमी झाल्याने प्रत्येक उमेदवाराकडे नीट पाहता येते, हा सैन्याचा फायदा. २०२५ मध्ये ही परीक्षा मराठीतूनही देण्याची सोय झाली. त्यामुळे भाषेच्या अडचणीपेक्षा मुलाची समज तपासली जाते.

चाळणीला भोक पडले तर मात्र सगळेच वाया. फेब्रुवारी २०१७ आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्यभरतीचे पेपर फुटले आणि परीक्षा रद्द कराव्या लागल्या. फुटलेल्या पेपरातून निवड होते ती पैशाची, गुणांची नव्हे.

तिसरा गुण चिकाटीचा. तो ना धावण्यात पुरता दिसतो, ना लेखीत. अमेरिकी सैन्याचा जुना अनुभव असा, की शालेय शिक्षण पूर्ण केलेले जवान पहिली मुदत अधिक प्रमाणात पूर्ण करतात. मध्येच शाळा सोडलेले अधिक गळतात. आपल्याकडे एनसीसी प्रमाणपत्राला वाढीव गुण मिळतात, कारण तेही टिकून राहिल्याशिवाय हाती पडत नाही.

जून २०२२ च्या अग्निपथ योजनेने चार वर्षांची सेवा हीच एक चाळणी केली. जास्तीत जास्त २५ टक्के कायम, बाकीचे परत. पारख लांबते, हे खरे. पण परत यावे लागणार हे ठाऊक असताना चांगली मुले किती येतील, हा प्रश्नही खराच. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. परतणाऱ्यांना गावाकडे काय काम मिळते, यावर पुढचा ओघ ठरेल.

निवडलेल्या पोरांना कुठे उभे राहावे लागते, हे या जिल्ह्याला ठाऊक आहे. पिंपळगाव सराईचे अग्निवीर अक्षय गवते ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनला कर्तव्यावर असताना गेले.

तेव्हा पालकहो, पोराला पळू द्या. पण रोज तासभर गणित आणि संगणकही करू द्या. शाळा, एनसीसी अर्ध्यात सोडू देऊ नका. आणि ‘पैसे द्या, काम करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.