किमो कोणाला नको?

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, काखेतल्या ग्रंथीही साफ आहेत. आता किमो द्यायची का? पूर्वी गाठीचा आकार, पेशींची ग्रेड आणि बाईचं वय पाहून डॉक्टर ठरवत आणि शंका आली की किमो देऊन टाकत. त्यामुळे जिला गरज नव्हती तिचेही केस गेले, तिलाही उलट्या सोसाव्या लागल्या.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या लॉरा फान ट फेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८ रुग्णांच्या गोठवून ठेवलेल्या गाठी बाहेर काढल्या. सगळ्या ५५च्या आतल्या, कोणाच्याच ग्रंथीत रोग पोचला नव्हता. तरी ३४ जणींचा कर्करोग पाच वर्षांच्या आत दुसऱ्या अवयवात पसरला होता. ४४ जणी ठणठणीत होत्या. फरक कुठे होता? पेशीतलं जे जनुक चालू असतं, त्याच्या आरएनएच्या रूपात नकला निघतात. त्या मोजल्या की कोणतं जनुक जोरात चाललंय आणि कोणतं झोपलंय ते कळतं. अशी सुमारे २५ हजार जनुकं तपासून संशोधकांनी ७० निवडली. त्यांच्यावरून पसरणारी गाठ बऱ्यापैकी ओळखता येत होती.

मग अशा याद्यांचं पेवच फुटलं. जो तो आपली जनुकं घेऊन पुढे आला आणि ‘कर्करोग का पसरतो ते सापडलं’ असं सांगू लागला. २०११ साली ब्रसेल्सच्या डेव्हिड व्हेने आणि सहकाऱ्यांनी त्यातली हवा काढली. जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत कोणती जनुकं बदलतात, अशी एक यादी दुसऱ्याच कुठल्या अभ्यासातून आली होती. ती त्यांनी स्तनाच्या गाठींना लावली, तर तीही रुग्णाचं भवितव्य सांगू लागली! डोळे मिटून उचललेल्या शंभरावर जनुकांच्या याद्यांपैकी बहुतेकींचं तेच. कारण साधं आहे: पेशी भराभर विभागू लागली की जनुकांचा मोठा घोळका एकदमच हलतो, त्यामुळे कुठलीही मूठ भरली तरी त्यातली काही हाती लागतातच. माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात प्रामाणिक शोधनिबंध. अशा चाचण्या बऱ्याच अंशी गाठीचा वेग मोजतात. रोग का पसरतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

पण किमोचा निर्णय घ्यायला वेगही उपयोगी पडतो. कॅलिफोर्नियातल्या जिनोमिक हेल्थ कंपनीने काढलेल्या ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ या चाचणीत २१ जनुकं असतात; १६ कर्करोगाशी संबंधित, ५ नुसती तुलनेसाठी. तिला गोठवलेली गाठ लागत नाही, पॅथॉलॉजीतला मेणाचा ब्लॉक पुरतो. मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला जाताना नातेवाईक पिशवीत स्लाइडसोबत नेतात, तोच. त्याचे पातळ काप काढून आरएनए वेगळा करतात आणि ० ते १०० मध्ये गुण देतात. तिची पारख करणाऱ्या ‘टेलर-एक्स’ या मोठ्या क्लिनिकल ट्रायलचे निकाल २०१८ साली आले. ११ ते २५ गुणांच्या बायकांचे दोन गट केले होते. नऊ वर्षांनी नुसत्या हार्मोन रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८३.३ टक्के रोगमुक्त होत्या. सोबत किमो घेतलेल्यांत ८४.३ टक्के. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ गुणांच्या बायकांना मात्र किमोचा थोडा फायदा दिसला.

आपल्याकडे अडतं ते पैशापाशी. परदेशी चाचणीचं बिल लाखांत जातं. बंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ त्याहून स्वस्त. ती जनुकांऐवजी ५ प्रथिनं पाहते.

घरात असा प्रसंग आला तर आधी रिपोर्ट नीट वाचा. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि ग्रंथी साफ किंवा एक ते तीनच बाधित असतील, तरच डॉक्टरांकडे या चाचण्यांचा विषय काढा. ट्रिपल निगेटिव्हला, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असतील तर, त्यांचा उपयोग नाही. आणि विचारायचं ते किमोचं पहिलं सलाईन लागण्याआधी.