टाकीची निशाणी

आमच्या घराण्यात देवळे कोरणारा पूर्वज होऊन गेला, असे आत्या सांगायची. भोकरदन तालुक्यातल्या अन्व्याचे देऊळ म्हणजे तिच्या मते पणजोबांचेच काम! अण्णा मात्र या विषयावर गप्प. पुण्यात नोकरीला लागले तेव्हा ‘पाथरवट’ हा शब्द त्यांनी गावीच ठेवला होता.

अन्वा मी पाहिले. बाहेरच्या भिंतींवर विष्णूच्या शक्ती आयुधे घेऊन उभ्या, गाभाऱ्यात आज महादेवाची पिंड. काम बाराव्या शतकाच्या सुमाराचे, आणि पणजोबा एकोणिसाव्यातले! आत्याच्या अभिमानाला सातशे वर्षे आडवी आली.

मग त्र्यंबकेश्वर गाठले. गाव नि आडनाव सांगितले की तीर्थोपाध्याय वहीतून पिढ्या काढून देतात. पणजोबा सापडले. नावाखाली सही नव्हती, छोटीशी टाकी काढलेली होती. जुन्या कागदांत पाटलाची निशाणी नांगर असे, तशी ही पाथरवटाची.

गावच्या म्हाताऱ्यांनी बाकीचे सांगितले. पणजोबा जाती, उखळे, पाटे-वरवंटे घडवीत आणि आठवडी बाजारात विकीत. जाते गुळगुळीत झाले की पीठ जाडेभरडे पडते; मग घरोघर फिरून टाकी लावून द्यायची. आपल्याकडचा काळा दगड मोठा हट्टी. एक घाव चुकला की चार दिवसांची मेहनत फुकट.

१८९९-१९०० चा दुष्काळ आला. दळायला दाणाच नाही, तर जाते कोण घेणार? त्याच सुमारास हैदराबाद-मनमाड रेल्वेचे काम चालू होते. १९०० साली ती जालन्यावरून धावू लागली. त्या रुळांसाठी पणजोबांनी खडी फोडली. घडवणाऱ्या हाताने नुसते फोडायचे! पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि धंदा बसला.

त्यांचे एक जाते चुलतकाकूंकडे आहे. लग्नाची हळद अजून त्यावरच दळतात. गेल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अण्णा त्या लग्नाला आले होते. बायकांची हळद दळून झाल्यावर ते खाली बसले, वरची तळी उचलायला लावली आणि टाकीच्या खुणांवरून बोट फिरवले.

“आजा टाकीला पाणी स्वतः द्यायचा,” ते नातवंडांना सांगू लागले, “लोहाराकडे कधी गेला नाही. आणि भाता ओढायला मला बसवायचा.”